नीडलमधून तेलही येते: फोर-स्ट्रोक ग्लो इंजिनाचे रनिंग-इन आणि ट्यूनिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याच्या एका मॉडेलकाराने बरीच वर्षे टू-स्ट्रोक इंजिनांवर विमाने उडवली आणि आता पहिले फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी ग्लो प्लगमधल्या तापलेल्या तारेवर मेथनॉलचे इंधन पेटवणारे) घेतले. आकार ०.७० घनइंच, म्हणजे सुमारे साडेअकरा सीसी. टू-स्ट्रोकच्या सवयीने त्यांनी पहिली टाकी रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त ठेवून, चालवली आणि दुसऱ्या टाकीला आवाज मोकळा होईल या अपेक्षेने नीडल, म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारे इंधन कमीजास्त करणारा सुईसारखा स्क्रू, बंद करत नेली. आता आयडलवरून (सर्वांत कमी स्थिर वेगावरून) थ्रॉटल झटकन उघडला की कार्बोरेटरमधून ‘फट्’ आवाज येऊन इंजिन बंद पडते. एकदा तर त्या झटक्याने नट सैल होऊन प्रॉप (पुढचा पंखा) पुढे फेकला गेला. इंजिनातच दोष आहे का, रनिंग-इन (नवे इंजिन सुरुवातीला जपून चालवून त्याचे भाग एकमेकांत बसवणे) नेमके किती करावे आणि गोव्याच्या पावसाळ्यात असे इंजिन कसे ठेवावे, हे त्यांनी विचारले आहे.

इंजिनात दोष असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणे लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलेल्या, मिश्रणाची आहेत. मात्र नीडल किती फेरे उघडावी एवढेच सांगून भागणार नाही, कारण फोर-स्ट्रोकला वंगण कसे मिळते हे एकदा नीट समजले की पुढच्या बहुतेक गोष्टी तुमच्या तुम्हालाच ठरवता येतील.

टू-स्ट्रोक इंजिनात इंधन आणि तेल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, येते, तिथली बेअरिंगे आणि कनेक्टिंग रॉड भिजवते आणि मग सिलिंडरमध्ये जाते. फोर-स्ट्रोकमध्ये तसे होत नाही. मिश्रण इनलेट व्हॉल्व्हमधून थेट पिस्टनच्या वर येते आणि जळून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर जाते. मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोकला खाली तेलाचा वेगळा साठा असतो, आपल्या या इंजिनांना तोही नसतो. क्रँककेसमध्ये तेल पोहोचते ते केवळ पिस्टन रिंगच्या कडेने जे थोडेफार खाली झिरपते तेवढेच. त्या झिरपलेल्या तेलावर मागचे-पुढचे बेअरिंग, रॉडचे खालचे टोक, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि टॅपेट यांचा सगळा संसार चालतो. म्हणून नीडल बंद करताना आपण इंधनाबरोबर तेलही कमी करत असतो. नव्या इंजिनात तर रिंग अजून बसलेली नसते, घर्षण जास्त असते आणि तेलाची गरज सर्वांत मोठी असते, आणि नेमक्या त्याच वेळी लीन चालवले तर त्याची झीज भरून येत नाही.

त्याच वाटेने खाली आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे पाणी. एक ग्रॅम मेथनॉल पूर्ण जळले की सुमारे १.१ ग्रॅम पाणी तयार होते. ३०० मिलिलिटरच्या टाकीत सत्तर टक्के मेथनॉल धरले, तर एका टाकीत जवळजवळ १८५ ग्रॅम पाणी होते, म्हणजे चहाचा मोठा कप भरेल इतके. त्यातले बहुतेक वाफ होऊन मफलरवाटे निघून जाते, पण थोडे रिंगच्या कडेने खाली उतरते आणि क्रँककेसमध्ये थंड होऊन बसते. अर्धवट जळलेल्या मेथनॉलपासून फॉर्मिक आम्लही बनते. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण क्रँककेस सतत धुऊन काढते, फोर-स्ट्रोकमध्ये ते पाणी आणि आम्ल तिथेच राहते. फोर-स्ट्रोकचे मागचे बेअरिंग गंजते ते यामुळे, आणि हवेतच दमटपणा असलेल्या आपल्या किनारपट्टीवर ते लवकर गंजते.

आता रनिंग-इनच्या तयारीकडे येतो, कारण घाईत याच पायरीला फाटा दिला जातो.

सर्वांत आधी टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली जागा, तपासा. इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. चालवल्यानंतर निदान दोन-तीन तास हात लावू नका. ग्लो प्लग काढा, रॉकरची झाकणे काढा आणि प्रॉप हळूहळू फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात सर्वांत वर आणा. प्लगच्या भोकावर बोट ठेवले की कोणता फेरा कॉम्प्रेशनचा आहे ते हवेच्या दाबावरून लगेच कळते. या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये ०.०४ मि.मी.ची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज गेली पाहिजे आणि ०.१० ची जाता कामा नये. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत याहून थोडा वेगळा आकडा असेल तर तो पाळा. इंजिन तापले की ॲल्युमिनियमचा सिलिंडर वाढतो आणि ही फट आपोआप रुंदावते, म्हणून थंड असताना ती लहान ठेवण्यात धोका नाही. पण फट अजिबात नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि इंजिन सुरू होताना त्रास देते. पहिल्या तासाभराच्या चालवण्यात रॉकर, टॅपेट आणि पुशरॉड एकमेकांत बसतात आणि फट बदलते. त्यामुळे रनिंग-इन संपल्यावर हे माप पुन्हा घेणे मी सक्तीचे मानतो.

स्टँडसाठी जाड सागवानी फळी घ्या, इंजिन तिला नट-बोल्टने आरपार बसवा, स्क्रूवर विसंबू नका. सड्यावर (उघड्या पठारावर) गेल्यावर मी फळीच्या मागच्या बाजूला जांभ्याचे दोन चिरे ठेवतो आणि खाली ओले गोणपाट अंथरतो. हे गोणपाट महत्त्वाचे आहे. आपल्याकडची तांबडी धूळ, विशेषतः डिचोलीच्या बाजूला खाणींच्या रस्त्यांकडेची, फार खरखरीत असते. जमिनीलगत फिरणारा प्रॉप ती वर उचलतो आणि कार्बोरेटर आत ओढतो. नव्या रिंगला अशी धूळ लागली तर ती बसण्याऐवजी सिलिंडरवर ओरखडे पडतात. शक्य असेल तर गवतावर उभे राहा. घरांपासून लांब जा हे तर सांगायलाच नको. फोर-स्ट्रोकचा आवाज सौम्य असला तरी तासभर ऐकायला शेजाऱ्यांना तो सौम्य वाटत नाही.

इंधनाबद्दल माझे मत ठाम आहे. रनिंग-इनसाठी एकूण तेल २० टक्के असावे आणि त्यात थोडे तरी एरंडेल असावे. अठरा टक्के सिंथेटिक आणि दोन टक्के एरंडेल हे प्रमाण मला सर्वांत चांगले वाटते. एरंडेल जास्त तापमानातही धातूवर टिकून राहते आणि गंजापासूनही बचाव करते. पण त्याचे प्रमाण फार वाढवले तर ते भाजून चिकट पिवळसर थर धरते आणि व्हॉल्व्ह अडकू लागतात. एरंडेल घ्यायचे तर डिंक काढून शुद्ध केलेले घ्या, साध्या तेलात गाळ राहतो. नायट्रोमिथेन हा इंधनातला तिसरा घटक आपल्याकडे महाग आहे आणि सहज मिळतही नाही, पण फोर-स्ट्रोकला स्थिर आयडलसाठी ५ ते १० टक्के तरी असावे असा माझा अनुभव आहे. मेथनॉल विषारी आहे, ते त्वचेतूनही शरीरात जाते आणि दिवसा त्याची ज्वाला दिसत नाही. कपड्यावर पेट घेतला तरी कळायला उशीर होतो. म्हणून रबरी हातमोजे घाला आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. मेथनॉलची आग पाण्याने विझते.

ग्लो प्लग फोर-स्ट्रोकसाठीचा, म्हणजे गरम प्रकारचा हवा. ओ.एस. कंपनीचा ‘एफ’ प्लग याच कामासाठी बनवलेला आहे. या प्रकारच्या इंजिनात ठिणगी नसते. प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेवर मेथनॉलची वाफ आली की तिथे रासायनिक क्रिया होऊन तार तापलेली राहते. टू-स्ट्रोकमध्ये ती दर फेऱ्याला तापते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदाच. मधल्या काळात ती थंड होते आणि साधा टू-स्ट्रोकचा प्लग लावला तर आयडलवर विझून जातो. घाऊक प्रमाणात विकले गेलेले पहिले मॉडेल फोर-स्ट्रोक म्हणजे ओ.एस.चे १९७६ चे एफएस-६०, आणि तेव्हापासून प्लगची ही गरज बदललेली नाही.

टाकी बसवताना तिची मध्यरेषा कार्बोरेटरच्या स्प्रे-बारच्या (इंधन सोडणाऱ्या नळीच्या) पातळीत किंवा पाच ते दहा मि.मी. खाली ठेवा. टाकी वर असेल तर इंधन आपोआप उतरून सिलिंडरमध्ये साठते. द्रव दाबला जात नाही. अशा इंजिनाला इलेक्ट्रिक स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्टार्टर लावण्याआधी, प्लगची बॅटरी जोडण्याच्याही आधी, प्रॉप हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहण्याची सवय लावून घ्या. मध्येच कठीण अडथळा लागला तर प्लग काढून इंधन बाहेर काढा.

प्रॉपचा नट हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. फोर-स्ट्रोकला दुहेरी नट असतो तो यासाठीच: खालचा प्रॉपला आवळतो आणि वरचा त्याला कुलूप घालतो. दोन्ही पान्याने आवळा, हाताने नको. लाकडी प्रॉप वापरत असाल तर आपल्या हवेत आणखी एक गोष्ट होते. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये नीट आवळलेला नट जानेवारीत सैल निघतो. दर उड्डाणाच्या दिवशी एकदा पाना लावून बघा. प्रॉपच्या समोर किंवा बाजूला कुणालाही उभे राहू देऊ नका, नीडल नेहमी मागून फिरवा.

रनिंग-इनसाठी पुढे उडवण्यासाठी वापरणार आहात त्यापेक्षा थोडा हलका प्रॉप लावा. तुमच्या आकाराच्या इंजिनाला १२x६ (व्यास आणि पिच, इंचांत) चालेल आणि नंतर १३x६ लावता येईल. हाय-स्पीड नीडल (पूर्ण वेगाचे मिश्रण ठरवणारी मुख्य नीडल) पूर्ण बंद करून साधारण तीन फेरे उघडा. कार्बोरेटरच्या तोंडावर बोट धरून प्रॉप फिरवा; फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांतून एकदाच ओढत असल्यामुळे इंधन यायला टू-स्ट्रोकपेक्षा जास्त फेरे लागतात, म्हणून ते चढले नाही असे समजून जास्त भरू नका. सुरू झाले की थ्रॉटल थोडाच उघडा ठेवा आणि वेग मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहील असे बघा. मफलरमधून भरपूर पांढरा धूर आणि तेलाचे थेंब आले पाहिजेत.

इथे दोन ठिकाणी जवळून बघण्यासारखे आहे. पहिले कार्बोरेटर. मेथनॉलला हवेचे प्रमाण साधारण साडेसहास एक लागते, पेट्रोलला पावणेपंधरास एक, म्हणजे मेथनॉल दुपटीहून जास्त आत जाते आणि बाष्प होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते. आपल्या दमट हवेत पाच मिनिटांत कार्बोरेटरच्या बाहेरच्या अंगावर दव धरते आणि थेंब ओघळू लागतात. हात लावून बघा, थंडगार असतो. हे रिच मिश्रणाचे चांगले लक्षण आहे, गळती समजून घाबरू नका. दुसरे ब्रीदर. क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या त्या छोट्या नळीखाली पांढरा सुती कपडा धरा. पहिल्या टाकीला त्यावर करडे-काळे तेल पडेल, आणि उन्हात तिरपे धरले तर त्यात धातूची बारीक चमक दिसेल. दुसऱ्या-तिसऱ्या टाकीनंतर तो डाग तपकिरी होतो आणि पुढे मधासारखा पारदर्शक पिवळा होत जातो. रनिंग-इन किती झाले हे मी घड्याळापेक्षा या डागावर जास्त ठरवतो. एक सूचना: ब्रीदरची नळी विमानाबाहेर काढा, पण तिचे तोंड कधीही बंद करू नका.

पहिली दहा मिनिटे अशी चालवल्यावर इंजिन थांबवा आणि हात ठेवता येईल इतके थंड होऊ द्या. तापणे आणि थंड होणे या फेऱ्यांतच रिंग आणि सिलिंडरवरचे उंचवटे घासून एकमेकांशी जुळतात, त्यामुळे सलग तासभर चालवण्यापेक्षा पाच-सहा मिनिटांचे अनेक तुकडे चांगले. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत थ्रॉटल कधी निम्मा, कधी काही सेकंदांसाठी पूर्ण उघडायचा, मिश्रण मात्र स्पष्ट रिच ठेवायचे. पूर्ण थ्रॉटलला दहा-पंधरा सेकंद ठेवून लगेच खाली आणा. अशी एकूण तीस-चाळीस मिनिटे झाली आणि ब्रीदरचे तेल निवळले की मी इंजिन विमानावर बसवतो. काही जण स्टँडवर दोन-दोन तास घालवतात. मला ते पटत नाही. हवेत प्रॉपवरचा भार हलका होतो, थंडावा जास्त मिळतो आणि थ्रॉटल सतत बदलत राहतो, म्हणून रिच नीडलवर केलेली पहिली पाच-सहा उड्डाणे हे रनिंग-इनचेच उरलेले काम उत्तम करतात. पूर्ण ताकद यायला दोन-तीन लिटर इंधन जाते, त्याची घाई करू नये.

आता ट्यूनिंग. तुमची चूक नेमकी कुठे झाली ते इथे दिसते. टू-स्ट्रोक रिच असताना एकाआड एक फेऱ्याला जळतो आणि नीडल बंद करत गेलो की आवाज एकदम बदलून सलग होतो; तो बदल कानाने पकडून मग दोन क्लिक (नीडलच्या खाचा) मागे यायचे ही आपली जुनी पद्धत. फोर-स्ट्रोकमध्ये असा बदल होतच नाही. तो आधीपासूनच एकाआड एक फेऱ्याला जळतो. रिचपासून लीनपर्यंत त्याचा आवाज जवळजवळ एकसारखाच चढत राहतो, आणि कान ‘अजून थोडे’ म्हणत राहतो. तुम्ही वाट पाहत होता तो मोकळा आवाज येणारच नव्हता, आणि तोपर्यंत नीडल योग्य जागेच्या पुढे निघून गेली होती.

म्हणून फोर-स्ट्रोकला टॅकोमीटर (मिनिटाचे फेरे मोजणारा) हवाच. तो बरोबर आहे का हे तपासायला घरातली चोक असलेली जुनी ट्यूबलाइट पुरेशी आहे: आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून दोन पात्यांच्या प्रॉपच्या सेटिंगवर टॅकोमीटरने ३००० दाखवले पाहिजेत. इलेक्ट्रॉनिक चोकच्या किंवा एलईडी दिव्याखाली हा आकडा मिळणार नाही.

इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे एक-दोन मिनिटे चालल्यावर, पूर्ण थ्रॉटल देऊन हाय-स्पीड नीडल एकेक क्लिक बंद करा आणि प्रत्येक क्लिकनंतर तीन-चार सेकंद थांबा. आकडा चढत जाईल आणि एका जागी थांबेल. तिथून नीडल उघडत आकडा ३०० फेऱ्यांनी खाली आणा आणि तिथेच सोडा. पहिल्या हंगामात मी ४०० ठेवतो. वरचे ते ३०० फेरे उड्डाणात जाणवतही नाहीत, पण त्या बदल्यात मिळणारे तेल बेअरिंगला जाणवते. विमान वर चढताना टाकीतून ओढ वाढते, हवेत प्रॉप हलका होऊन वेग चढतो, टाकी रिकामी होत जाते; या तिन्हींनी मिश्रण जमिनीवरच्यापेक्षा लीन होते, आणि तेवढी जागा आधीच ठेवलेली असली पाहिजे.

याची पडताळणी दोन प्रकारे करा. पूर्ण थ्रॉटलवर इंधनाची नळी बोटांत क्षणभर चिमटा आणि सोडा. वेग किंचित चढून मग पडला तर मिश्रण रिच बाजूला आहे, चांगले आहे. चिमटताक्षणी वेग पडला तर लीन आहे, नीडल उघडा. मग कुणाला तरी विमान घट्ट धरायला सांगून नाक आकाशाकडे करा आणि दहा सेकंद ऐका. वेग थोडा चढला किंवा तसाच राहिला तर ठीक, घसरला किंवा कडकड आवाज आला तर आणखी दोन-तीन क्लिक उघडा. हा कडकड आवाज गंभीर घ्या. लीन मिश्रण वेळेआधी पेटते, पिस्टन वर येत असतानाच त्याच्यावर उलटा दणका बसतो, क्रँक क्षणभर अडते आणि प्रॉप आपल्या वेगाने पुढे जायला बघतो. तुमचा प्रॉप फेकला गेला तो याच रीतीने.

हाय-स्पीड नीडल लागल्यावरच लो-स्पीडला (आयडलचे मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूला) हात लावा. क्रम उलटा केला तर दोन्ही चुकतात. आयडल २२०० ते २५०० फेऱ्यांवर आणा, तीस सेकंद तसेच ठेवा आणि मग थ्रॉटल सरळ उघडा. इंजिन गुरगुरत, धूर काढत, अडखळत चढले तर लो-स्पीड रिच आहे. काहीही धूर न येता ते एकदम मेले, किंवा कार्बोरेटरमधून ‘फट्’ झाले, तर लीन आहे. तुमचे दुसरे आहे. लो-स्पीड स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेऱ्याहून जास्त फिरवू नका आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तीस सेकंद आयडलवर थांबून मगच तपासा, नाहीतर आधीच्या सेटिंगचे साठलेले इंधन तुम्हाला फसवेल. एक खबरदारी आहे: काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू इंधन नियंत्रित करतो आणि बंद केल्यावर लीन होतो, तर हवेचे भोक असलेल्या साध्या कार्बोरेटरमध्ये तो हवा नियंत्रित करतो आणि बंद केल्यावर उलट रिच होतो. तुमचा कोणता ते पुस्तिकेत बघून घ्या. शेवटी हाय-स्पीड पुन्हा एकदा टॅकोमीटरवर तपासा, कारण लो-स्पीडच्या बदलाने तीही किंचित सरकते.

आयडलवर प्लगची बॅटरी काढली की वेग लक्षात येण्याइतका पडत असेल तर आधी प्लग बदला. प्लग काढून तार बघा: चकचकीत चंदेरी असेल तर ठीक, पांढरट-करडी आणि खरबरीत झाली असेल तर इंजिन लीन चालले आहे. तुमच्या प्लगची तार मला आता अशीच निघेल असे वाटते, म्हणून नीडल उघडण्याबरोबर प्लगही नवा घाला. कॉम्प्रेशन चांगले आहे आणि हाताने फिरवताना खरखर जाणवत नाही, एवढे बघितले की पहिल्या पायरीपासून रनिंग-इन नव्याने करा. एका टाकीच्या लीन चालण्याने सगळे गेले असे समजू नका.

हवामानाप्रमाणे नीडल हलवावी लागते. गरम आणि दमट हवेत प्राणवायू कमी असतो, त्यामुळे तेच सेटिंग रिच होते; जानेवारीच्या सकाळी लावलेली नीडल मेच्या दुपारी एक-दोन क्लिक बंद करावी लागेल. याच्या उलट बाजूला जास्त लक्ष द्या. मे महिन्यात लावलेले इंजिन थंडीच्या सकाळी न तपासता उडवले तर ते लीन चालेल. बेळगावला विमान घेऊन गेलात तर तिथली उंची सुमारे साडेसातशे मीटर आहे, हवा विरळ आहे, तिथे नीडल थोडी बंद करावी लागते; घाट उतरून परत आल्यावर ती उघडायला विसरू नका. आणि उडवण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघा. दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ, उत्तरेला मोपा, यांमुळे गोव्यात मोकळी वाटणारी पुष्कळ जागा प्रत्यक्षात मोकळी नाही.

शेवटचा भाग पावसाळ्याचा, आणि माझ्या मते आपल्या प्रदेशात तो ट्यूनिंगइतकाच महत्त्वाचा आहे. माझे पहिले फोर-स्ट्रोक मी एका मे महिन्याच्या संध्याकाळी शेवटच्या उड्डाणानंतर पुसून विमानासकट कपाटावर ठेवले. सप्टेंबरच्या अखेरीस खाली काढले तेव्हा प्रॉप फिरवताना हाताला वाळू भरल्यासारखी खरखर लागली. मागचे झाकण काढले तर बेअरिंगच्या गोळ्यांवर तांबूस खड्डे पडले होते आणि क्रँकच्या गालावर गंजाची रेघ, बरोबर तिथपर्यंत जिथपर्यंत पाणी साचून राहिले होते. इंजिन चांगले ट्यून केलेले होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. दोन्ही बेअरिंगे बदलावी लागली.

तेव्हापासून दर उड्डाणाच्या दिवशी शेवटी आयडलवर इंधनाची नळी काढून इंजिन कोरडे होईपर्यंत चालू देतो, पुन्हा सुरू करून उरलेसुरले जाळतो. नळी आयडलवरच काढायची, जास्त वेगावर काढली तर शेवटचे काही सेकंद तेलाविना जातात. इंजिन कोमट असतानाच ब्रीदरच्या नळीतून चार-पाच थेंब, प्लगच्या भोकातून दोन-तीन आणि कार्बोरेटरमधून दोन-तीन थेंब तेल घालतो, प्रॉप वीसेक फेरे हाताने फिरवतो आणि विमान उलटसुलट करून तेल सगळीकडे पोहोचवतो. तेल कोणते, असे तुम्ही विचाराल. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात पॉवर स्टिअरिंगसाठी मिळणारे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) पुरेसे चांगले आहे. फक्त ते सिलिकॉनच्या नळीला लागू देऊ नका. रोज वापरात असलेल्या इंजिनालाही हे करा, कारण ऑक्टोबरमध्येसुद्धा आपल्या हवेत एक आठवडा पुरतो.

जूनच्या आधी इंजिन विमानावरून काढा. रॉकरची झाकणे काढून तिथेही तेल घाला, प्रॉप फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात वर आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, मग कार्बोरेटर आणि मफलरची तोंडे तेलकट कापडाने बुजवून इंजिन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. ब्रीदर या काळात टोपीने बंद केला तर चालतो, फक्त ती टोपी लाल रंगाची घ्या, म्हणजे ऑक्टोबरमध्ये काढायची राहून जाणार नाही. श्रावणात एकदा डबा उघडून प्रॉप ड्रायव्हर (प्रॉप ज्यावर टेकतो ती चकती) हाताने दहा फेरे फिरवा आणि तेलाचे दोन थेंब पुन्हा घाला. इंधनाचा कॅनही याच वेळी बघा. मेथनॉल हवेतले पाणी ओढून घेते, अर्धा रिकामा कॅन पावसाळाभर उघडझाप होत राहिला तर त्यातल्या इंधनावर आयडल कधीच स्थिर राहत नाही, आणि मग आपण निष्कारण लो-स्पीड स्क्रू फिरवत बसतो. मोठ्या कॅनमधले इंधन मेमध्येच लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा आणि एका वेळी एकच बाटली उघडा.